एफपीजीएमधील नेमक्या कोणत्या भागाच्या तीन प्रती कराव्यात?

प्रश्न (पुणे, अभियांत्रिकी, शेवटचे वर्ष)

नमस्कार. आम्ही सात विद्यार्थी मिळून एका लहान उपग्रहावर बसवण्यासाठी रेडिओ ग्राहक तयार करत आहोत. २०१६ मध्ये पुण्याच्या सीओईपीचा ‘स्वयम्’ आणि मुंबई आयआयटीचा ‘प्रथम’ हे विद्यार्थ्यांनी घडवलेले उपग्रह पीएसएलव्हीवरून कक्षेत गेले, तेव्हा आम्ही शाळेत होतो. तेव्हापासूनची ही इच्छा आहे. आमचे उपकरण साधारण ५०० किलोमीटर उंचीच्या सूर्य-समकालिक ध्रुवीय कक्षेत जाईल असे आम्ही गृहीत धरले आहे. म्हणजे ध्रुवांजवळून आणि दक्षिण अटलांटिकवरील प्रारणाच्या पट्ट्यातून ते रोज अनेकदा जाणार, आणि तेथील प्रोटॉन व जड आयनांमुळे चिपमधील बिट उलटणार हे धरूनच आम्हाला आखणी करावी लागेल.

आमची चिप एफपीजीए, म्हणजे हवे ते सर्किट नंतर भरता येणारी चिप, असून ती आर्टिक्स-७ कुटुंबातील एक्ससी७ए१००टी आहे. तिच्यात ६३,४०० एलयूटी (सर्किटचा तर्क साठवणारे लहान तक्ते) आहेत आणि आमच्या आराखड्याने त्यांपैकी सुमारे ३०,००० वापरल्या आहेत. सगळ्याच आराखड्याच्या तीन प्रती करून बहुमताने उत्तर घ्यायचे म्हटले, तर व्होटर (बहुमत ठरवणारे सर्किट) न धरताही ९०,००० एलयूटी लागतील, म्हणजे तो मार्ग बंद आहे. वीजही तेवढी नाही. म्हणून काही भागांच्याच तीन प्रती करायच्या आहेत, पण ते भाग कोणते यावर आमच्यात एकमत होत नाही. मार्गदर्शक सरांचे म्हणणे असे की जो भाग कामाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, तो आधी घ्यावा. म्हणजे माहितीची पाकिटे बांधून मुख्य संगणकाकडे पाठवणारा भाग. माझ्या सहकारी मैत्रिणीचे म्हणणे असे की १०२४ बिंदूंचा एफएफटी (संकेतातील वारंवारता वेगळ्या करणारा भाग) सर्वांत जास्त जागा व्यापतो, त्यामुळे कण आदळण्याची शक्यताही तिथेच सर्वाधिक, म्हणून तो आधी. साखळी अशी आहे: एडीसी (संकेताचे अंकांत रूपांतर करणारा), मग फेज अॅक्युम्युलेटरवर (लहरीची कला, म्हणजे फेज, सतत बेरजेने मोजणाऱ्या रजिस्टरवर) चालणारा ऑसिलेटर व मिक्सर, मग तीन टप्प्यांचा सीआयसी फिल्टर (फक्त बेरीज-वजाबाकीवर चालणारा), मग ६४ टॅपचा एफआयआर (शेवटच्या ६४ नमुन्यांवर चालणारा फिल्टर), मग एफएफटी, आणि शेवटी पाकीट बांधणारे स्टेट मशीन (एका अवस्थेतून दुसरीत जाणारे नियंत्रण सर्किट). निवड कोणत्या निकषावर करावी?

पहिले उत्तर (बेंगळुरू)

आपल्या सरांचा निकष आणि मैत्रिणीचा निकष या दोहोंमध्ये तथ्य आहे, पण मी तिसराच निकष सर्वांत वर ठेवीन: चूक झाल्यावर ती आराखड्यात किती काळ टिकून राहते. हा निकष का, हे समजण्यासाठी चूक नेमकी कुठे होते ते आधी पाहावे लागेल.

एसरॅमवर (वीज असेपर्यंत टिकणाऱ्या मेमरीवर) आधारित एफपीजीएमध्ये आपले सर्किट हे स्वतःच मेमरीत लिहिलेले असते. तुमच्या चिपची कॉन्फिगरेशन फाइल ३ कोटी ६ लाख बिटांची आहे आणि फ्लिप-फ्लॉप (माहितीचा एकेक बिट धरून ठेवणारे घटक) मात्र १,२६,८०० आहेत. त्यामुळे कण आदळला की बहुतेक वेळा माहितीचा बिट उलटत नाही, तर सर्किटची व्याख्या सांगणारा बिट उलटतो. एखाद्या अँड गेटचे दुसरेच काही होते, एखादी तार तुटते, किंवा दोन तारा एकमेकींना जोडल्या जातात. म्हणून घडीव चिपमध्ये (जिचे सर्किट कारखान्यातच कायमचे ठरते) पुरेशी ठरणारी युक्ती, म्हणजे केवळ फ्लिप-फ्लॉप तीन करून पुढे एक व्होटर बसवणे, इथे तोकडी पडते. तिन्ही फ्लिप-फ्लॉपना एकच एलयूटी आणि एकच तार माहिती पुरवत असेल, तर तिन्हींना एकच चुकीचे उत्तर मिळेल आणि ते एकमताने मंजूर होईल. जो भाग निवडाल त्याच्या एलयूटी, तारा, फ्लिप-फ्लॉप आणि खुद्द व्होटर, सगळे तीन हवेत.

कॉन्फिगरेशनमधील चूक दुरुस्त करायला स्क्रबिंग असते, म्हणजे मेमरी सतत वाचत राहून उलटलेला बिट पुन्हा सरळ करणे. आता दोन सर्किटे शेजारी ठेवून पाहा. तुमच्या ६४ टॅपच्या एफआयआरमध्ये एखादी एलयूटी बिघडली, तर स्क्रबर तिथे पोहोचेपर्यंत उत्तरे चुकतील; पण बिट दुरुस्त झाल्यानंतर ६४ नमुन्यांत चुकीची सगळी माहिती बाहेर वाहून जाईल आणि फिल्टर पुन्हा बिनचूक होईल. आता एक साधा काउंटर घ्या. तो १००० वर असताना पाचव्या क्रमांकाचा बिट, म्हणजे ३२ किमतीचा, उलटला की काउंटर ९६८ दाखवतो. पुढच्या ठोक्याला १००१ ऐवजी ९६९, त्यापुढे ९७०. तो आपले काम अगदी व्यवस्थित करत राहतो, फक्त कायमचा ३२ ने मागे. स्क्रबरला इथे दुरुस्त करण्यासारखे काहीच सापडत नाही, कारण सर्किट बरोबर आहे, त्याची आठवण चुकीची आहे. रीसेट दिल्याशिवाय ही चूक जात नाही.

म्हणून प्राधान्याचा क्रम असा लावतात: ज्या भागाचे उत्तर फिरून त्याच्याच प्रवेशावर येते, तो भाग सर्वप्रथम, त्यानंतर त्या वळशाला माहिती पुरवणारा भाग, कारण तिथली क्षणिक चूकसुद्धा वळशात शिरली की कायमची होऊन बसते, मग वळशातून बाहेर पडणाऱ्या माहितीवर चालणारा भाग, आणि सरळ पुढे वाहणारा भाग सगळ्यांत शेवटी. २००० च्या दशकात अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठ आणि लॉस अलामोस प्रयोगशाळा यांनी आंशिक तिहेरीकरणावर जे काम केले, त्याचा गाभा हाच आहे. लॉस अलामोसच्या ‘सिबोला’ या २००७ मध्ये सोडलेल्या उपग्रहावर नऊ व्हर्टेक्स चिप होत्या आणि त्यांच्या कॉन्फिगरेशनवर कक्षेत सतत नजर ठेवली जात असे.

या क्रमाने पाहता तुमचा एफएफटी शेवटी जातो, जरी तो सर्वांत मोठा असला तरी. तिथल्या चुकीने एक किंवा फार तर काही चौकटी (१०२४ नमुन्यांचे गट) वाया जातील. त्याचे पत्ते मोजणारे काउंटर आणि नियंत्रण मात्र आधी घ्या. ते अगदी लहान असते. सरांचे पाकीट बांधणारे स्टेट मशीन पहिल्याच गटात येते, पण ते महत्त्वाचे आहे म्हणून नव्हे, तर त्याला स्वतःची अवस्था लक्षात ठेवावी लागते म्हणून.

आणखी एक गोष्ट. काउंटरच्या तीन प्रती करून केवळ शेवटी व्होटर लावला, तर ९६८ वर गेलेली प्रत ३२ ने मागेच राहील. बहुमतामुळे ते आज दिसणार नाही, पण उद्या दुसऱ्या प्रतीवर कण आदळला की बहुमतच उरणार नाही. व्होटर वळशाच्या आत हवा, म्हणजे प्रत्येक प्रतीची पुढची किंमत ही बहुमताने ठरलेल्या किमतीत एक मिळवून निघेल आणि भरकटलेली प्रत पुढच्याच ठोक्याला १००१ वर परत येईल.

दुसरे उत्तर (ठाणे)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. निवड योग्य झाली तरी अंमलबजावणीत ती कशी वाया जाते, याचा माझा अनुभव सांगते, कारण त्यात आमचे दोन महिने गेले होते.

एका प्रकल्पात आम्ही नियंत्रण विभागाच्या तीन प्रती व्हेरिलॉगमध्ये (सर्किट लिहिण्याच्या भाषेत) स्वतः हाताने लिहिल्या, व्होटर लावले, सिम्युलेशनमध्ये एका प्रतीत चूक घालून उत्तर बरोबर येते हेही पाहिले आणि निर्धास्त झालो. नंतर बोर्डावर कॉन्फिगरेशनचे बिट मुद्दाम उलटवून पाहिले, तर संरक्षण केले आहे असे वाटावे असे काही दिसेना. कारण साधे होते. सिंथेसिस साधनाचे (कोडवरून सर्किट तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरचे) कामच एकसारखी दोन सर्किटे दिसली की त्यातील एक काढून टाकणे हे असते. त्याला आमच्या तीन प्रती म्हणजे निव्वळ उधळपट्टी वाटली, त्याने एकच ठेवली, आणि एकाच सिग्नलचे तीन वेळा मत घेणारा व्होटर निरर्थक म्हणून तोही उडवला. सिम्युलेशन मूळ कोडवर केले होते, त्यामुळे तिथे हे कळण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हापासून मी प्रत्येक प्रतीवर आणि तिच्या सिग्नलवर ‘डोन्ट टच’ हा गुणधर्म लावते, श्रेणीरचना सपाट होऊ देत नाही (विभागांच्या सीमा पुसू देत नाही), आणि सिंथेसिस झाल्यावर अहवालातील फ्लिप-फ्लॉपची संख्या स्वतः मोजते. सोळा बिटांच्या काउंटरच्या जागी अठ्ठेचाळीस दिसले नाहीत, तर पुढे जात नाही.

क्लॉक आणि रीसेट याकडे लक्ष द्या. तीन प्रतींना एकच रीसेटची तार जात असेल, तर त्या तारेवरचा एक बिट तिन्ही प्रती एकदम शून्यावर आणतो. क्लॉकची सामाईक तारही तशीच. रीसेट तीन करणे स्वस्त आहे. क्लॉक तीन केल्यास त्यांच्यातील वेळेचा फरक सांभाळावा लागतो, म्हणून ते शक्य नसल्यास निदान ती जोखीम कागदावर नोंदवून ठेवा.

तसेच संरक्षित आणि असंरक्षित भागांच्या सीमा कमीत कमी ठेवा. तिहेरी भागातून एकेरी भागात जाताना प्रत्येक सिग्नलला एक व्होटर लागतो आणि तो व्होटर स्वतः एकटा असतो. एकेरीतून तिहेरीत जाताना चुकीची किंमत तिन्ही प्रतींत सारखीच शिरते. इथले दहा फ्लिप-फ्लॉप आणि तिथले पाच अशी ठिपक्यांसारखी निवड केली, तर व्होटरच जागा खातात आणि मिळकत थोडी होते. सलग तुकडे निवडा.

ब्लॉक रॅमच्या (चिपमधील तयार मेमरीच्या) तीन प्रती करण्याची सहसा गरज नसते. तुमच्या चिपमध्ये ३६ किलोबिटच्या ब्लॉकला ६४ बिट माहिती आणि ८ तपासणी बिट अशी ईसीसी (चूक-दुरुस्तीची सोय) अंगभूत आहे. ती एका बिटाची चूक दुरुस्त करते आणि दोन बिटांची ओळखते. मात्र ती वाचलेले उत्तर सुधारून देते, मेमरीतला बिट तसाच चुकीचा राहतो. एफआयआरचे गुणांक वर्षभर एकाच जागी पडून राहणार असतील, तर त्या ओळी अधूनमधून वाचून परत लिहिणारे लहानसे सर्किट करा, नाहीतर त्याच ओळीत दुसरा बिट उलटण्याची वाट पाहिल्यासारखे होईल. ज्या एलयूटी शिफ्ट रजिस्टर किंवा लहान मेमरी म्हणून वापरल्या जातात, त्यांची माहिती चालताना बदलत असते. स्क्रबर सुरुवातीच्या फाइलवरून आंधळेपणाने लिहीत असेल, तर तो ताजी माहिती पुसून जुनी घालील. संरक्षित भागात असा वापर टाळलेलाच बरा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री आम्ही अहवाल उघडून पाहिला आणि ठाण्याच्या ताईंनी सांगितले तेच आढळले: आमच्या स्टेट मशीनच्या दोन प्रती साधनाने गुपचूप काढून टाकल्या होत्या. आता त्या परत आणल्या आहेत.

पहिल्या उत्तरातील क्रमाप्रमाणे वळसे शोधले, तर यादी अशी निघाली: फेज अॅक्युम्युलेटर, सर्व काउंटर, स्टेट मशीन आणि सीआयसीचे तीन इंटिग्रेटर (सतत बेरीज करत राहणारे टप्पे). शेवटच्याने अडचण केली आहे. इंटिग्रेटर रुंद आहेत, दोन्ही वाहिन्यांना मिळून सहा आहेत, आणि त्यांना पुरवठा करणारा भाग म्हणून मिक्सरही यादीत येतो. हे सगळे तीन केले तर जागा कशीबशी पुरते, पण क्लॉकची वेळ साधत नाही (एका ठोक्यात काम पुरे होत नाही). क्रमाला धरून राहावे की सीआयसी सोडावा?

तिसरे उत्तर (पवई)

सीआयसी सोडा. त्याचे कारण सविस्तर सांगतो, कारण सर्किटची आकृती पाहून केलेली निवड आणि सर्किटचे गणित पाहून केलेली निवड यांतला फरक इथे फार चांगला दिसतो.

इंटिग्रेटर म्हणजे वळसा, हे खरे. त्याच्या रजिस्टरमध्ये बिट उलटला तर ती किंमत कायमची चुकीची होते, हेही खरे. पण सीआयसीमध्ये जितके इंटिग्रेटर असतात, तितक्याच वजाबाकी करणाऱ्या कोम पायऱ्या पुढे असतात. पहिल्या इंटिग्रेटरमधील एका बिटाची चूक त्याच्या उत्तरात स्थिर फरक निर्माण करते, दुसऱ्यात तो फरक सरळ रेषेत वाढत जातो, तिसऱ्यात वर्गाच्या प्रमाणात. त्यापुढे तीन वेळा वजाबाकी होते आणि वर्गापर्यंतच्या कोणत्याही बहुपदीचा तिसरा फरक शून्य असतो. म्हणजे इंटिग्रेटरच्या पोटात चूक आयुष्यभर राहते, पण उत्तरात ती फार तर तीन नमुने दिसते. अट एकच: बेरीज टूज कॉम्प्लिमेंटमध्ये (ऋण संख्याही दाखवणाऱ्या बिटांच्या पद्धतीत), मर्यादा ओलांडल्यावर गुंडाळली जाणारी हवी. जर तुम्ही कमाल किमतीला अडकणारी बेरीज वापरली असेल, तर हे गणित मोडते. मिक्सरही याच कारणाने यादीतून गळतो, कारण ज्या वळशाला तो माहिती पुरवतो, तो वळसा चूक साठवतो पण दाखवत नाही.

याउलट फेज अॅक्युम्युलेटरकडे असे काहीही नाही. तिथे एकदा घसरलेली कला कायमची घसरलेली राहते, आणि तुमचे मापन कलेवर अवलंबून असेल तर त्यापुढची सगळी नोंद संशयास्पद ठरते. तो आधी तीन करा. फार तर काही डझन फ्लिप-फ्लॉपचा प्रश्न आहे.

आता स्क्रबिंगबद्दल. ते तीन प्रतींचे जोडकाम नसून त्यांचा पाया आहे. एका प्रतीची विश्वासार्हता आर मानली, तर तीन प्रतींच्या बहुमताची विश्वासार्हता ३आर² − २आर³ येते. आर ०.९ असताना हे उत्तर ०.९७२ आहे, म्हणजे फायदा स्पष्ट आहे. आर ०.५ झाला की दोन्ही सारखे. आर ०.४ वर आला की तीन प्रतींचे उत्तर ०.३५२ येते, एकट्या प्रतीपेक्षा वाईट. दुरुस्ती न करता महिनोन्‌महिने चुका साचू दिल्या तर तीन प्रती तुम्हाला एकीपेक्षा लवकर बुडवतील. तुमच्या चिपमध्ये अंतर्गत कॉन्फिगरेशन पोर्ट ३२ बिट रुंद आहे. तो १०० मेगाहर्ट्झवर चालवला तर ३ कोटी ६ लाख बिट वाचायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. उत्पादकाचा तयार दुरुस्ती-कोअर वापरा, पण तोही त्याच चिपमध्ये बसतो आणि त्यालाही कण लागू शकतो हे लक्षात ठेवून त्याचा श्वास चालू आहे की नाही हे बाहेरच्या वॉचडॉगकडून (पहारा देणाऱ्या सर्किटकडून) तपासत राहा.

त्याच कोअरने जमिनीवर चुका घालून पाहता येतात, आणि निवडीचा अंतिम निवाडा तिथेच व्हावा असे माझे ठाम मत आहे. बिट उलटवा, उत्तर चुकले का पाहा, बिट सरळ करा, आणि मग ठरावीक वेळ थांबून उत्तर आपोआप सुधारले का ते पाहा. जे बिट सरळ केल्यावरही उत्तर सुधारत नाही, ते बिट कोणत्या विभागात पडतात याची नोंद ठेवा. आकृतीवरून काढलेली यादी आणि ही यादी जिथे जुळत नाही, तिथे हिच्यावर विश्वास ठेवा. किती बिट तपासायचे याला एक साधा आडाखा आहे: यादृच्छिक निवडलेल्या ३,००० बिटांपैकी एकानेही कायमची चूक केली नाही, तर ९५ टक्के खात्रीने म्हणता येते की असे बिट हजारात एकापेक्षा कमी आहेत. तीनशेच तपासले तर ती हमी शंभरात एकापर्यंतच येते.

प्रत्यक्ष आयनांच्या झोताखाली चाचणी हवी असेल तर देशात दिल्लीचे आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र आणि कुलाब्याला टीआयएफआरच्या आवारातील पेलेट्रॉन आहे. मात्र तिथले आयन पदार्थात फार खोल जात नाहीत, त्यामुळे चिपचे आवरण काढावे लागते, आणि उलटी बसवलेली चिप असेल तर सिलिकॉन मागून घासून पातळ करावे लागते. विद्यार्थी गटाने आधी चुका घालण्याची चाचणी पूर्ण करावी. आणि लॅचअपविरुद्ध (कणामुळे चिपमध्ये अचानक मोठा प्रवाह वाहू लागण्याविरुद्ध) तीन प्रतींचा काहीही उपयोग नाही; त्यासाठी वीजपुरवठ्यावर प्रवाह वाढताच तोडणारे सर्किट वेगळे लावा.

पहिले उत्तर देणारे (बेंगळुरू)

सीआयसीबाबत पवईच्या उत्तरात माझी जी दुरुस्ती केली आहे ती मान्य करतो. साधने वळसा पाहतात, त्यापुढे तो रद्द होतो हे त्यांना कळत नाही, आणि मीही साधनासारखाच विचार केला. एकच भर घालतो: पुढच्या वेळी चिप निवडण्याचे स्वातंत्र्य असेल तर मायक्रोचिपच्या प्रोएसिक३सारख्या फ्लॅशवर आधारित चिपचा विचार करा. तिथे कॉन्फिगरेशन फ्लॅश पेशींमध्ये असल्यामुळे कणाने सर्किटची व्याख्या सहसा बदलत नाही, आणि मग फ्लिप-फ्लॉप तेवढे तीन करणे बरेचदा पुरते. आरटीजी४मध्ये तर फ्लिप-फ्लॉप मुळातच तिहेरी घडवलेले असतात. तुमच्या एफएफटीसाठी जागा आणि वेग मात्र तिथे पुन्हा तपासावे लागतील.

प्रश्नकर्ता

आज दिवसभर सीआयसीवर बसलो. आमची बेरीज गुंडाळली जाणारीच आहे. पहिल्या इंटिग्रेटरचा सर्वांत वरचा बिट उलटवून पाहिला: बाहेर तीन नमुने भलतेच आले आणि चौथा बिनचूक होता, रजिस्टरमधली किंमत मात्र शेवटपर्यंत मूळ किमतीशी जुळली नाही. पुढच्या एफआयआरच्या ६४ टॅपमुळे शेवटच्या उत्तरात ६६ नमुने बिघडलेले दिसले. मिक्सर आणि सहाही इंटिग्रेटर यादीतून काढले, फेज अॅक्युम्युलेटर, काउंटर, स्टेट मशीन आणि एफएफटीचे नियंत्रण तीन केले, आणि क्लॉकची वेळ साधली. उद्यापासून ३,००० बिटांची चाचणी सुरू करत आहोत. जे बिट सुधारणार नाहीत, त्यांचे विभाग इथेच कळवतो.